गिरणीत दळलेली वीट

गिरणीवाल्यानं त्या दिवशी आपल्या गिरणीत वीट दळली.

ऐकायला बरं वाटत नाही, पण दळली म्हणजे दळली. आणि चोरून वगैरे मुळीच नाही. भर दुपारी दळली. फक्त दार आतून लावून, खिडकीला पोतं टांगून आणि तोंडाला फडकं बांधून. आता त्याला कुणी चोरून म्हणत असेल तर म्हणो बापडं.

एरवी त्या गिरणीत मिरची पडली की सगळी गल्ली शिंकायची. कुत्रीसुद्धा उठून पलीकडच्या वळणावर जाऊन बसायची. त्या दुपारी कुत्री जागची हलली नाहीत. गिरणीवाल्यानं विटेचा भुगा दोनदा चाळला, बोटांत घेऊन चोळला आणि स्वतःवरच खूश झाला. रंग तेवढा जरा फिका वाटत होता. त्यासाठी शहरातून कापड रंगवायचा लाल रंग आणलेला होता. डब्यावर कवटीचं चित्र होतं. ते त्यानं अंगठ्यानं झाकलं आणि डबा परातीत उपडा केला. वर चार मुठी खरी मिरची, वासापुरती. झालं काम.

हे सगळं कशासाठी म्हणाल, तर एका खुर्चीसाठी.

त्या गावाची सगळी मिरची पिढ्यान्‌पिढ्या एका गोदामात जमा व्हायची. ज्यानं त्यानं आपली मिरची दळायची, पोती भरायची, गोदामात आणायची. तिथं सगळ्या पोत्यांवर गावाचा एकच शिक्का बसायचा आणि माल मसाल्याच्या कारखान्यात जायचा. कारखान्याची खरेदीवाली बाई माल बघायला यायची त्या दिवशी गोदामाच्या दारात एक खुर्ची तिच्यासाठी आणि दुसरी ज्याच्या घरची पोती सर्वांत जास्त त्याच्यासाठी मांडायचे. बाकी गाव जमिनीवर. खुर्ची काही सिंहासन नव्हती. एक पाय आखूड, त्याखाली चपटा दगड सारायला लागायचा. पण गिरणीवाल्याचा बाप तिच्यावर बसायचा आणि बापानंतर दरवर्षी तो बसत आला होता. त्या खुर्चीवर बसलं की गाव कसं वेगळंच दिसतं, असं तो म्हणायचा.

यंदा मिरची वाळत घातली आणि अवेळी पाऊस कोसळला. गिरणीवाल्याचं खळं उघडं होतं, त्याची निम्मी मिरची कुजली. शेजारच्या कात्रीकाकूनं मात्र आपली मिरची पत्र्याच्या छपराखाली पसरली होती, तिचं एक देठसुद्धा भिजलं नाही. कात्रीकाकूची जीभ कशी चालते ते नावावरूनच कळावं. ती विहिरीवर, दुकानात, भेटेल त्याला सांगत सुटली, "यंदा खुर्चीवर मी बसणार. आत्तापासूनच पाठ ताठ ठेवायची सवय करतेय."

हे गिरणीवाल्याच्या कानावर गेलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"एवढी पोती झाली कशी म्हणते मी?" वीट दळली त्याच संध्याकाळी बायकोनं गिरणीच्या मागच्या खोलीत डोकावून विचारलं. "निम्मी मिरची तर भिजून गेली."

"भिजल्यावर फुगते मिरची."

"आणि वाळल्यावर?"

"वाळल्यावर पण थोडी फुगलेलीच राहते."

"असं होय," बायको म्हणाली. "मी आपली इतकी वर्षं उगाच स्वयंपाक करत राहिले."

"तुला गिरणीतलं काय कळतं? जा, भाकरी टाक."

गडी हुशार होता, हे मान्य करायला हवं. खऱ्या पोत्यांची तोंडं त्यानं निरगाठीनं आवळली आणि खोट्या पोत्यांना सुरगाठ मारली, ओढली की सुटणारी. गोदामात खोटी पोती मागं, भिंतीला लावायची आणि खरी पुढं. म्हणजे कुणी बघायला आलंच तर खरीच हाताला लागणार. मग गिरणीचा पट्टा आणायला म्हणून तो शहराला गेला आणि तिथं मुक्काम करून निवांत परत आला. माल भरायच्या सकाळी तर गाडीवर पोती चढवायचं कामही त्यानं हमालांवर सोडलं आणि स्वतः दाढी करायला जाऊन बसला. खुर्चीवर बसायचं म्हणजे तोंड कसं गुळगुळीत पाहिजे.

गोदामात मात्र एक भानगड असायची, तिला गाव 'जीभ लावणं' म्हणायचं.

त्याचं असं झालं होतं की मागं एकदा पलीकडच्या गावच्या मालात रंग सापडला. कुठल्या तरी लांबच्या शाळेतली मुलं आजारी पडली, बोंबाबोंब झाली आणि त्या गावचं पोतं पुन्हा कुणी दारात उभं करून घेतलं नाही. चांगली मिरची पिकवणारेही एका दोघांपायी बुडाले. तेव्हापासून ह्या गावानं नियम केला. ज्याचा माल, त्यानं सगळ्यांसमोर आपल्या पोत्यातली मिरची जिभेवर घ्यायची. पोतं कुठलं ते आपण नाही ठरवायचं, जमलेल्यांपैकी कुणीही बोट दाखवेल ते. मिरची घ्यायची, गिळायची, मग जीभ बाहेर काढून दाखवायची. खरी असेल तर डोळ्यांतून पाणी येणारच, लपवता येत नाही. कोपऱ्यात दुधाची कळशी भरलेली असायची. खरेदीवाली बाईही थोडा थोडा माल पुड्यांत बांधून तपासायला न्यायची, पण त्याचा निकाल मागाहून यायचा. त्या दिवसापुरता गावाच्या जिभेवरच कारभार.

गिरणीवाला घोटून दाढी करून, डोक्याला तेल चोपडून गोदामात शिरला. हमालांनी त्याची पोती रांगेनं मांडून ठेवली होती. तो ऐटीत पुढं झाला, पहिल्या पोत्याकडं बघितलं. निरगाठ. दुसऱ्याकडं बघितलं. निरगाठ. तिसरं, चौथं, मागचं, कोपऱ्यातलं. सगळीकडं निरगाठ. एकसारखी, घट्ट, टोकं आत खोचलेली.

त्याच्या तोंडचं पाणीच पळालं.

"आई!" तो दबक्या आवाजात किंचाळला. म्हातारी दारापाशी भिंतीला टेकून बसली होती. "ह्या गाठी कुणी मारल्या?"

"मीच मारल्या. तू शहराला गेलास तेव्हा."

"कशाला?"

"कशाला म्हणजे? निम्म्या पोत्यांना नाडीसारख्या सुरगाठी मारून ठेवल्या होत्यास. बघून लाज वाटली मला. तुझ्या बापानं जन्मात कधी पोत्याला सुरगाठ मारली नाही. वाटेत एखादं सुटलं असतं म्हणजे? लोक म्हणाले असते, ह्यांच्या घरात कुणाला साधी गाठ मारता येत नाही."

"अगं पण मला न विचारता..."

"गाठ मारायला विचारायचं काय त्यात? घाम कशाला आलाय एवढा? ताप आहे का?"

गिरणीवाल्याला खरंच दरदरून घाम फुटला होता. आता कुठलं खरं आणि कुठलं खोटं हे त्याचं त्यालाच कळेना. वास घेऊन बघावं तर गोदामभर मिरचीचाच वास. उघडून बघावं तर सगळं गाव समोर. तो पोत्यांकडं टकामका बघत उभा राहिला.

तेवढ्यात खरेदीवाली बाई आली. गोदाम सांभाळणारे मोठेकाका, गावातले सगळ्यांचेच काका, त्यांनी खाकरून सुरुवात केली. एकेक जण पुढं येत होता, मिरची जिभेवर घेत होता, लालबुंद होत होता, दूध पीत होता. कात्रीकाकूनं तर चांगली चिमूटभर घेतली, कान लाल झाले, नाक वाहायला लागलं, तरी ती ताठ. जीभ काढून सगळ्यांना फिरून दाखवली आणि म्हणाली, "बघून घ्या. हिच्यात भेसळ नाही, कधी नव्हती."

"जिभेत की मिरचीत?" मागून कुणीतरी बोललं आणि गोदाम हसलं.

"आता गिरणीवाले," मोठेकाका म्हणाले. "यंदाही पोती ह्यांचीच जास्त आहेत हो. पाऊस सगळ्यांवर पडला, ह्यांच्यावरच काय कृपा झाली कुणास ठाऊक. बोट कोण दाखवतंय?"

"मी," कात्रीकाकू म्हणाली आणि तिनं बोट दाखवलं ते थेट मागं, भिंतीला टेकलेल्या पोत्याकडं.

गिरणीवाल्यानं मनातल्या मनात हिशेब केला. मागचं पोतं म्हणजे नक्की खोटं. आपलं नशीबच तसलं. वीट खाल्ली तर तिखट लागणार नाही, म्हणजे तिखट लागल्याचं नाटक करावं लागणार. ठीक आहे, नाटकाचं काय एवढं? त्यानं पोतं सोडलं. चिमूट घ्यायच्या ऐवजी चांगला मोठा चमचा भरून घेतला, म्हणजे लोकांना वाटेल काय छाती आहे. चमचा अजून हातात होता तोवरच त्यानं डोळे चोळायला सुरुवात केली. "हाय हाय, काय झणका आहे!" असं म्हणत त्यानं तो चमचा तोंडात रिकामा केला.

आणि ती निघाली खरी.

खरी म्हणजे चांगली अस्सल. आधी जीभ गेली, मग टाळू, मग कान. मग डोक्यात कुणीतरी चूल पेटवली. गिरणीवाला एका जागी गोल फिरला, पाय आपटले, भिंतीवर हात आपटले, दुधाची कळशी दिसली पण तिच्याकडं जायची वाट दिसेना. बायकोनं हाताला धरून नेलं तेव्हा कुठं त्याचं तोंड पेल्याला लागलं.

"शाबास!" मोठेकाका म्हणाले. "ह्याला म्हणतात मिरची."

"शाबास कसली?" कात्रीकाकू उठून उभी राहिली. "मी नीट बघत होते. हा चमचा तोंडात जायच्या आधीच रडायला लागला! बाई, तुम्ही पण बघितलंत ना? मिरची हातात आणि पाणी डोळ्यांत, असं कुठं असतं का?"

बाईनं बघितलं होतं. तिनं मान हलवली. "हे जरा चमत्कारिक होतं खरं. अजून एका पोत्यातली घ्या."

"अज्यू ए?" गिरणीवाला म्हणाला. त्याची जीभ सुजून बोबडी वळली होती.

"तो कसा घेणार आता?" म्हातारी भिंतीपासून उठली. गुडघ्यावर हात ठेवून, हळूहळू, पण उठली. "घरचा माल आहे. घरच्या कुणीही जीभ लावली तर चालतं ना, मोठेकाका?"

"चालतं. पण आजी, तुमचं पोट? वैद्यांनी तिखट बंद केलंय ना तुमचं?"

"माझ्या लेकाच्या मालावर गावाचा संशय राहण्यापेक्षा पोटात दुखलेलं बरं." म्हातारीनं समोरचं पहिलं हाताला आलं ते पोतं सोडलं आणि चिमूट नाही, चमचा नाही, मूठच भरली. "माझा पोरगा आहे तो. माझ्या पोरानं भरलेली पोती आहेत. मी डोळे मिटून खाईन."

मूठ तोंडाकडं जायला लागली.

गिरणीवाल्याच्या डोळ्यांपुढं तो डबा आला. अंगठा बाजूला झाला आणि कवटी दिसली. त्याला इतके दिवस तो भुगा कुठंतरी लांब जाणार असंच वाटत होतं. कारखान्यात, दुकानात, कुणाच्या तरी घरी. ते घर आपलंच असेल आणि खाणारी आपली आईच असेल हे त्याच्या डोक्यात आलंच नव्हतं. त्याला फार भीती वाटली. तो सुजलेल्या तोंडानिशी धावला आणि त्यानं आईच्या हातावर फाडकन फटका मारला.

"नको खाऊ! वीट आहे ती! विटेचा भुगा! मी दळलाय! कापडाचा रंग आहे त्यात, आई, विष आहे, थुंक, थुंक!"

मूठ उधळली. लाल धुरळा वर गेला, गोदामात पसरला आणि सगळ्यांवर खाली आला. आणि मग सगळं गाव शिंकायला लागलं. मोठेकाका शिंकले, बाई शिंकली, हमाल शिंकले, कात्रीकाकूला तर एकामागून एक इतक्या शिंका आल्या की तिला बोलताच येईना, आणि ही त्या गावातली पहिलीच वेळ असावी. जो तो डोळे पुसत होता, खोकत होता, दाराकडं धावत होता. त्या सगळ्या कोलाहलात गिरणीवाला एकटाच ओरडत होता, "वीट आहे! वीट आहे हो!"

बाईनं नाक पुसलं. डोळ्यांतून धारा लागलेल्या. "ही वीट आहे?" तिनं विचारलं.

गिरणीवाला थांबला. त्यानं नाक वर करून वास घेतला आणि तोही शिंकला. खरं पोतं होतं.

आता काय बोलायचं? तोंडातून गेलेलं परत कसं घ्यायचं? गोदाम हळूहळू शांत झालं. सगळ्यांचे डोळे लाल आणि सगळे त्याच्याकडं रोखलेले.

"वीट दळलीस तू?" मोठेकाकांनी विचारलं. आवाज अगदी खाली होता आणि त्यामुळंच भीती वाटत होती. "आमच्या शिक्क्याखाली? पलीकडच्या गावाचं काय झालं ते माहीत असून?"

"हो," गिरणीवाला म्हणाला. "खुर्चीसाठी."

"कुठल्या पोत्यांत आहे?"

"ते मला माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय?"

त्यानं सुरगाठीचं आणि निरगाठीचं सगळं सांगितलं. सांगताना मान वर केली नाही. बायको तोंडाला फडकं लावून उभी होती. तिचे खांदे हलत होते. ती रडतेय असं सगळ्यांना वाटलं.

"मग शोधून काढ," मोठेकाका म्हणाले. "ज्यानं घातलं त्यानंच चाखून सांगायचं. एकेक पोतं सोड. खोटं सापडेपर्यंत आणि शेवटचं खोटं बाहेर जाईपर्यंत. आज ह्यातलं एक जरी पोतं आत राहिलं तर बाई आपल्या सगळ्यांचा माल परत पाठवेल आणि तिनं पाठवावाच."

"पाठवीन," बाई म्हणाली.

गाव गोल करून बसलं. गिरणीवाला पहिल्या पोत्यापाशी बसला. चाखलं. खरं. भाजला. दुसरं चाखलं. खरं. तिसऱ्याला त्यानं जीभ लावताना डोळे मिटले, वीट असावी म्हणून मनापासून आशा धरली, आणि पुन्हा होरपळला. माणसानं आपल्याच भेसळीची अशी वाट बघितल्याचं गावानं पहिल्यांदाच पाहिलं. प्रत्येक पोत्यानंतर तो आशेनं दुधाकडं बघायचा आणि मोठेकाका म्हणायचे, "आधी खोटं सापडू दे." ओठ सुजून भजी झाले. नाकाडोळ्यांतून गळणारं पाणी पुसायचं त्यानं कधीच सोडलं होतं. मधे एकदा त्यानं एका पोत्याकडं बोट करून, "ही वीट!" असं जोरात सांगितलं. कात्रीकाकूनं उठून चाखलं, मटकन खाली बसली आणि घोटभर दूध प्यायल्यावर म्हणाली, "खोटारड्या!"

शेवटचं पोतं उरलं. गाव पुढं सरकलं. गिरणीवाल्यानं बोट बुडवलं, जिभेला लावलं आणि जमिनीवर आडवा झाला.

"खरं," तो छताला म्हणाला. "सगळी खरी. मला वेड लागलंय."

"अरे, माल तर चोख आहे!" मोठेकाका चक्रावून गेले. "मग तू भेसळ केलीस असं का म्हणालास? तुझ्याकडं भेसळीचा माल आहे तरी कुठं?"

"तो आमच्या परसात आहे," म्हातारी म्हणाली. "खड्ड्यात पुरलाय."

सगळं गोदाम तिच्याकडं वळलं.

"त्या सुरगाठी सोडून नीट बांधायला बसले," म्हातारी सांगायला लागली, "तर माझं नाक गप्प. एवढी मिरची नाकाखाली आणि एक शिंक नाही. मला वाटलं म्हातारपणानं नाक गेलं. सुनेला हाक मारली. तिचंही नाक गप्प. मग हात घालून बघितला तर हात लाल, धुतला तरी रंग जाईना. तेव्हा कळलं माझ्या लेकाची मिरची का फुगते ते. आम्ही दोघींनी ती सगळी पोती खड्ड्यात रिकामी केली. माझी बांधावरची मिरची होती, वरच्या खोलीत पसरलेली. ह्याला वाटायचं म्हातारी उगाच चार रोपं लावते. ती दळली, त्या पोत्यांत भरली आणि निरगाठी मारल्या."

बायकोनं तोंडावरचं फडकं काढलं. ती हसत होती, मघापासून हसतच होती.

"म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं?" बाई म्हणाली. "आणि तरी तुम्ही मूठ भरून तोंडाजवळ नेलीत? त्यानं हात झटकला नसता तर?"

म्हातारीनं हाताला चिकटलेली मिरची पदराला पुसली.

"तर खाल्ली असती," ती म्हणाली. "पोट जळालं असतं तर जळालं असतं. पण मला कळलं असतं की मला मुलगा नाही."

गिरणीवाला कोपरावर टेकून कसाबसा उठून बसला. त्याचं तोंड इतकं सुजलं होतं की शब्द एकेक करून बाहेर काढावा लागत होता.

"आई, पण मी कबूल केलं होतं. मग ही सगळी पोती चाखायच्या आधी तरी सांगायचंस. सगळी खरी आहेत म्हणून."

"तू सांगणार होतास का कुणाला?" म्हातारी म्हणाली. "कुणाच्या तरी लेकरांच्या ताटात ती वीट पडली असती, तेव्हा जाऊन त्यांच्या आईला सांगणार होतास?"

त्यानं मान खाली घातली.

म्हातारीनं कळशीतून पेलाभर दूध ओतलं. ते लेकाच्या हाताला लागणार नाही एवढ्या अंतरावर खाली ठेवलं आणि स्वतः शेजारी बसली.

"देते," ती म्हणाली. "थोड्या वेळानं देते."